बिटकॉइनमध्ये शॉर्ट: भाव उतरला तर फायदा निश्चित आहे का?

कुळागर_फोंडा

नमस्कार. मी फोंड्याला राहतो आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरी करतो. घरच्या कुळागरातील सुपारीच्या विक्रीतून बाजूला काढलेले ६०,००० रुपये माझ्याकडे आहेत. येत्या दोन-तीन महिन्यांत बिटकॉइनचा भाव बराच उतरेल असे माझे मत आहे आणि ते मी घाईने बनवलेले नाही. एका सहकाऱ्याने परदेशी ट्रेडिंग प्लॅटफॉर्मवर १० पट लिव्हरेज (आपल्या रकमेच्या दहापट सौदा) घेऊन शॉर्ट करण्याचे, म्हणजे आधी विकून भाव उतरल्यावर परत घेण्याचे, सुचवले आहे. शेअर बाजारात मी आजवर केवळ डिलिव्हरीचे, म्हणजे शेअर विकत घेऊन खात्यात ठेवण्याचे, व्यवहार केले आहेत. आधी विकून नंतर विकत घेण्याचा अनुभव मला नाही. भाव खरोखरच उतरला तर माझा फायदा निश्चित आहे ना? आणि नफ्यावर कर किती लागेल?

मडगाव_०८३२

नमस्कार. फायदा निश्चित नाही, आणि त्याचे कारण हिशेबातच दिसते. हल्ली बहुतेक प्लॅटफॉर्मवर शॉर्ट म्हणजे नाणे उसने घेऊन विकणे नसते, तर पर्पेच्युअल फ्युचर्समध्ये (भावावर आधारित, मुदत नसलेल्या करारांमध्ये) विक्रीची पोझिशन, म्हणजे चालू सौदा, उघडणे असते. आपले ६०,००० रुपये मार्जिन (सौद्याचे तारण) म्हणून अडकतील आणि १० पटीने सौदा ६,००,००० रुपयांचा होईल. भाव १० टक्के चढला की आपला तोटा नेमका ६०,००० होतो. परंतु प्लॅटफॉर्म किमान मार्जिन राखून ठेवत असल्यामुळे त्याच्या थोडे आधीच पोझिशन सक्तीने बंद केली जाते. यालाच लिक्विडेशन म्हणतात. बिटकॉइनमध्ये १० टक्क्यांची चढ ही काही वर्षातून एकदा घडणारी गोष्ट नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये तर भाव सुमारे ७,५०० डॉलरवरून दोनेक दिवसांत १०,००० च्या वर गेला होता.

दुसरी बाब फंडिंग रेटची. या सौद्यांना मुदत नसते, म्हणून फ्युचर्सचा भाव प्रत्यक्ष भावाजवळ ठेवण्यासाठी, बहुधा दर आठ तासांनी, एक बाजू दुसऱ्या बाजूला पैसे देते. दर धन असेल तर ते शॉर्ट करणाऱ्याला मिळतात. पण सगळेच मंदीच्या बाजूला गेले की दर ऋण होतो आणि पैसे आपल्याला द्यावे लागतात. उदाहरणादाखल दर उणे ०.०५ टक्के धरल्यास ६,००,००० वर प्रत्येक वेळी ३००, दिवसाला ९०० आणि पंधरा दिवसांत १३,५०० रुपये जातील. म्हणजे भाव जागेवरून हलला नाही तरी भांडवलाचा पाचव्या हिश्श्याहून अधिक भाग संपलेला असेल. दोन-तीन महिने थांबण्याचा आपला विचार असल्यामुळे हे मुद्दाम लिहितो.

म्हापशाचा_वाचक

आपला प्रश्न वाचून राहवले नाही, कारण नेमके हेच माझ्या बाबतीत घडले आहे. २०२२ च्या मार्चच्या मध्यावर बिटकॉइन ३९,००० डॉलरच्या आसपास असताना मी ५ पट लिव्हरेजने शॉर्ट केला होता. व्याजदर वाढू लागले होते आणि भाव कोसळणार याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. त्याच महिन्याच्या अखेरीस भाव चढत ४८,००० च्या जवळ पोहोचला, आणि वाटेतच माझी पोझिशन लिक्विडेट होऊन ४०,००० रुपये गेले. पुढे जूनमध्ये भाव २०,००० डॉलरच्याही खाली आला. माझा अंदाज पूर्णपणे खरा ठरला होता, पण तो खरा ठरला तेव्हा मी सौद्यात नव्हतो. आपल्याला भाव कोठे जाईल हे कळले असेलही. तो कोणत्या वाटेने जाईल हे कळल्याशिवाय १० पट लिव्हरेज घेऊ नये, असे मी अगदी कळकळीने सांगतो.

पणजी_करविषयक

कराबद्दल लिहितो. १ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या (बिटकॉइनसारख्या नाण्यांच्या) हस्तांतरणातील नफ्यावर ३० टक्के कर, त्यावर अधिभार लागू असल्यास तो आणि ४ टक्के उपकर आहे. खरेदीच्या किमतीखेरीज कोणताही खर्च वजा होत नाही आणि एका सौद्यातील तोटा दुसऱ्या सौद्यातील नफ्यातून वळता करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून हस्तांतरणावर १ टक्का टीडीएसही आहे. फ्युचर्समध्ये प्रत्यक्ष नाणे हस्तांतरित होत नसल्यामुळे ते उत्पन्न व्यवसायाचे मानावे असे काही सल्लागारांचे मत आहे, पण कायद्यात त्यासाठी स्वतंत्र स्पष्ट तरतूद नाही. शिवाय परदेशी प्लॅटफॉर्मवर मार्जिन बहुधा यूएसडीटीमध्ये (डॉलरच्या भावाशी जोडलेल्या डिजिटल नाण्यात) ठेवावे लागते, आणि ते यूएसडीटी परत विकणे हे स्वतःच एक करपात्र हस्तांतरण आहे.

आता आपल्या गोव्यापुरती एक महत्त्वाची गोष्ट, जी बाहेरचे सल्लागार सहसा सांगत नाहीत. आपले लग्न झाले असेल, पोर्तुगीज नागरी कायद्याची समाईक संपत्तीची पद्धत आपल्याला लागू असेल आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ५अ नुसार पगार सोडून इतर उत्पन्न पती-पत्नींमध्ये निम्मे-निम्मे विभागले जाते. (२०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत.) म्हणजे पगार आपल्या एकट्याच्या नावावर राहील, पण या सौद्यांतील उत्पन्न आपल्या पत्नीच्या विवरणपत्रातही दाखवावे लागेल. तेव्हा त्यांना विचारल्याशिवाय हे करणे कायद्याच्या आणि संसाराच्या, दोन्ही दृष्टींनी योग्य नाही.

प्लॅटफॉर्म निवडताना त्याची फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे (संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या यंत्रणेकडे) नोंदणी आहे का, हे पाहावे. मार्च २०२३ मध्ये या व्यवसायाला मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नऊ परदेशी प्लॅटफॉर्मना नोटिसा गेल्या होत्या. मात्र नोंदणी म्हणजे ठेवीची हमी नव्हे. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे परदेशी प्लॅटफॉर्म कोसळले तेव्हा बिटकॉइनही कोसळला. त्याच प्लॅटफॉर्मवर शॉर्ट केलेल्या माणसाचा अंदाज बरोबर होता, पण पैसे काढण्याची वाट बंद झालेली होती.

कुळागर_फोंडा

सर्वांचे मनापासून आभार. कलम ५अ बद्दल मला काहीच ठाऊक नव्हते. काल रात्री पत्नीला सर्व दाखवले. १० पटीचा विचार आम्ही सोडून दिला आहे. नोंदणीकृत प्लॅटफॉर्मवर केवळ ५,००० रुपये, लिव्हरेज न घेता, स्टॉप लॉस (ठरवलेल्या भावाला सौदा आपोआप बंद करणारी ऑर्डर) लावून गुंतवावेत आणि उरलेली रक्कम पावसाळ्याआधी बागेतील पाण्याच्या पाइपांसाठी वापरावी असे ठरले. एकच शंका उरते: स्टॉप लॉस लावताना ‘लास्ट प्राइस’ आणि ‘मार्क प्राइस’ असे दोन पर्याय दिसतात. त्यातला कोणता निवडावा?

मडगाव_०८३२

मार्क प्राइस निवडावा. लास्ट प्राइस म्हणजे त्या एका प्लॅटफॉर्मवर झालेला शेवटचा सौदा. एखादी मोठी ऑर्डर आली की तो क्षणभर उसळतो आणि आपला स्टॉप लॉस विनाकारण लागतो. मार्क प्राइस अनेक बाजारांतील भावांवरून काढला जातो आणि लिक्विडेशनही त्यावरच ठरते. लिव्हरेज नसल्यामुळे भाव जवळजवळ दुप्पट होईपर्यंत आपली पोझिशन टिकेल. स्टॉप लॉसची ऑर्डर बहुधा मार्केट ऑर्डर असते, म्हणजे त्या क्षणी मिळेल त्या भावाने ती पुरी होते, त्यामुळे गडबडीच्या वेळी ती ठरवलेल्या भावापेक्षा वरच्या भावाने पुरी होऊ शकते. तेवढा फरक आधीच तोट्यात धरून ठेवावा.