जुन्या गाड्यांच्या शर्यतीसाठी गाडी कशी निवडलीत? अनुभव सांगा

जांभा
काल पावसाआधी पडवीच्या माळ्यावरचं सामान खाली काढत होतो. जुन्या इरल्याखाली गोणपाटात गुंडाळलेला यामाहा आरएक्स हंड्रेड मोटरसायकलचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा सिलेंडर, सापडला. काकाचा. त्याने ग्रीस थापून ठेवला होता, म्हणून इतक्या वर्षांच्या खाऱ्या वाऱ्यात बाहेरच्या फिन पांढऱ्या पडल्या तरी आतलं बोअर, म्हणजे पिस्टन वर-खाली होतो ती पोकळी, अजून चकचकीत आहे. ग्रीसच्या वासासरशी गावचा सडा, ते कातळाचं पठार, आठवलं.

नव्वदच्या दशकात शिमगा झाला की पोरं सड्यावर फक्की मारून गोल आखायची. कातळावर लाल भुकटी, वळणावर चाक कधी सुटेल नेम नाही. एका वर्षी मुंबईहून कुणी राजदूत साडेतीनशे आणली. आवाजानेच अर्ध्यांचा धीर सुटला. सरळ पट्ट्यात तिच्या जवळ कोणी जाईना, पण दर वळणाला ती बाहेर फेकली जायची, तो तिला सावरेपर्यंत शंभर सीसीवाले आतून निघून जायचे. काका दुसरा आला. पहिला आलेलाही शंभर सीसीवरच होता.

आता भाच्याला जुन्या टू-स्ट्रोकच्या (पेट्रोलासोबत तेलही जाळणाऱ्या गाड्यांच्या) वर्गात डर्ट ट्रॅकवर उतरायचंय. "मामा, सगळ्यात भारी गाडी कुठली?" मी म्हटलं, आधी वर्ग ठरव, मग गाडी. आणि शनिवारी संध्याकाळी मोडली तर रविवारी सकाळी जिचा भाग मिळेल, ती भारी. पण मी कायम बांधावर उभा राहून बघणारा. जे उतरलेत त्यांनी लिहा, मी त्याला वाचून दाखवेन.

सोलकढी
आरएक्सच. कुकर लावलाय, मागाहून लिहिते.

कातळफूल
माझ्याकडे आरडी, म्हणजे तीच राजदूत साडेतीनशे, अकरा वर्षं आहे, म्हणून तिची बाजू मांडतो. ३४७ सीसी, जोडसिलेंडर, सहा गिअर. एस्कॉर्ट्सने १९८३ पासून आपल्याकडे बनवली. तिच्या दोन आवृत्त्या, हाय टॉर्क साडेतीस बीएचपी, लो टॉर्क सत्तावीस. डांबरी ट्रॅकच्या लांब पट्ट्यावर ती सहा-सात हजार आरपीएमला जागी होते ना, ते सुख मला दुसऱ्या कुठल्या गाडीने दिलेलं नाही.
पण भाच्याला पहिलीच गाडी म्हणून देऊ नका, मनापासून सांगतो. दोन कार्ब (पेट्रोल-हवा मिसळणारे कार्ब्युरेटर) एकमेकांशी जुळवणं हेच एक व्रत आहे. आपल्याकडच्या आरडीला पुढे ड्रम ब्रेक, डिस्क नाही. चार फेऱ्यांत ड्रम तापला की लिव्हर नरम होते, मग पाचव्या वळणाला ब्रेक कुठे लावायचा याचा हिशेब डोक्यात नव्याने मांडावा लागतो. हे शिकायला मला दोन हंगाम गेले आणि एक कॉलरबोन.

बोंडू
बापरे. आता हात कसा आहे?

कातळफूल
बरा आहे. आंब्याची पेटी उचलतो, विहिरीवर जातो. थंडीत दुखतो फक्त.

मालवणी मेवा
माज्या बापाशीकडे येझ्दी रोडकिंग होती. सिलेंडर एक, सायलेन्सर दोन. किकचो दांडो आत ढकलून फिरवलो की तोच गिअरचो दांडो. शाळेतली पोरां बघूक येयत.
मी तीच घेवन उतारलंय. पेट्रोलात त्याल कमी घातलंय, तिसऱ्या फेरयेक पिस्टन धरल्यान, म्हंजे तापान सिलेंडरात अडाकलो. चूक माजीच. थंड झाल्यार किक बसली, पन शर्यत गेली. बापूस रागान काय्येक बोललो नाय, फकस्त दुसऱ्या दिवशी मापाचो पेलो आणून हातात दिल्यान. तो पेलो माज्याकडे अजून असा.
भाच्याक सांगा, पयलो मिस्त्री बघ, मगे गाडी.

जांभा
पेल्याची गोष्ट वाचून गप्प झालो, दादा. भाच्याला आजच पेला घेऊन देतो. तेलाचं प्रमाण किती ठेवायचं शर्यतीला?

मालवणी मेवा
मी पंचविसाक एक ठेवतंय. एका लिटराक ४० मिली. धूर होता, होवंदे.

सोलकढी
आले. बाबांचं चिपळूणला गॅरेज होतं, माझं लहानपण प्लग घासण्यात गेलं. गाडी निवडताना लोक इंजिनाची ताकद विचारतात, बाबा विचारायचे, "तुला हिचा प्लग वाचता येतो का?" प्लगचं नाक चहाच्या रंगाचं असेल तर बरोबर. पांढरंफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय, पिस्टन धरायची वेळ जवळ आली. काळं, ओलं असेल तर जास्त होतंय. आणि हे गाडी हळू आणून बघायचं नाही. पूर्ण थ्रॉटलवर असतानाच इंजिन बंद, क्लच दाबा, थांबा, प्लग काढा. एका सिलेंडरच्या साध्या गाडीवर मुलगा हे आठवड्यात शिकतो. म्हणून आरएक्स. रीड व्हॉल्व्हमुळे (आत आलेलं मिश्रण मागे जाऊ न देणाऱ्या पट्टीमुळे) कमी आरपीएमलाही ओढते, चारच गिअर, आणि गाडी कुठल्याही गावात उघडली तरी शेजारचा माणूस येऊन मदत करतो.

अजून एक. आपल्याकडे समुद्रसपाटीला लावलेलं मेन जेट (कार्बमधलं पेट्रोल मापून सोडणारं बारीक भोक) घाटावर चालत नाही. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, तिथे हवा विरळ, तेच जेट पेट्रोल जास्त देतं. एक-दोन लहान जेट खिशात असू द्या. भर दुपारी आणि सकाळीही फरक पडतो.

२२ जुलै २०२१ च्या पुरात गॅरेज गेलं. दोन येझ्दींच्या क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पेटीत) चिखल भरला होता. बाबांनी एक उघडली, धुतली, बेअरिंगं बदलली, चालू केली. दुसरी उघडायला त्यांचा हात झाला नाही. ती तशीच झाकून ठेवली आहे.

बोंडू
ताई, आमचंही दुकान बाजारपेठेतच होतं. समजतंय.

खाडीपलीकडची
मला गाड्यांमधलं काही कळत नाही, पण जांभादादा, ते इरलं धड आहे का? फोटो टाका ना. मुलीने कधी पाहिलेलं नाही.

जांभा
एका बाजूची पानं गळलीत, काड्या शाबूत आहेत. संध्याकाळी टाकतो.

गुहागरकर, सध्या साहेबाच्या देशात
इथे जुन्या गाड्यांच्या शर्यतीत मित्राच्या पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत) पाने द्यायचं काम करतो, दर उन्हाळ्यात. येताना डोक्यात मँक्स नॉर्टन, मॅचलेस जी५० अशा जुन्या ब्रिटिश रेसिंग गाड्यांचीच नावं. त्या दिसतात, आणि आवाज ऐकून अंगावर काटा येतो. पण जी५० चं इंजिन आजही नव्याने घडवून मिळतं आणि त्याची किंमत ऐकली की मी चहा प्यायला जातो. मैदानात भरपूर दिसते ती साधी होंडा सीबी ३५०. १९६८ ते १९७३ मधली, खरी ३२५ सीसी, चार स्ट्रोक, दोन सिलेंडर. तेव्हा ती इतकी विकली गेली की भाग अजून निघतात. मित्राने तीच घेतली. त्याचं म्हणणं, ज्या गाडीवर आजूबाजूला दहा जण आहेत ती घे. दहा जणांकडून शिकतोस, आणि शर्यतही खरी त्यांच्याशीच होते.
भाच्याला आत्तापासून एक सवय लावा, तेलाच्या ड्रेन बोल्टला भोक पाडून तार बांधायची. आपलं तेल ट्रॅकवर सांडलं तर मागचा पडतो.

कागदपत्र
जरा वेगळं. "विंटेज" शब्द वापरताना जपा. सरकारी नियमांत २०२१ पासून विंटेज म्हणजे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली गाडी. तिची नोंदणी वेगळी, आणि रोजच्या वापराला ती रस्त्यावर आणता येत नाही. आरएक्स १९८५ ची, म्हणजे त्यात अजून बसत नाही. भाच्याची गाडी ट्रॅकपुरती असेल तर टेम्पोतून न्या, दिवे-आरसे काढलेली गाडी चालवत नेऊ नका. आमच्या एकाला भर महामार्गावर दोन तास थांबवलं होतं.

घाटवळण
सगळे गाडीवर बोलताय, ब्लॉकवर कोणीच नाही! जांभादादा, तो ब्लॉक बोअर केलेला, म्हणजे आतून कापून मोठा केलेला, आहे का? आरएक्सचं बोअर ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) तोही ५०. हिशेब केला तर ९८.१७ सीसी. पाव मिमी ओव्हरसाइजला (मूळ मापापेक्षा मोठं केलं की) ९९.१६. अर्धा मिमी केलं की १००.१५, म्हणजे शंभराच्या वर! वर्ग शंभर सीसीपर्यंतचा असेल आणि नियमात ओव्हरसाइजला सूट लिहिलेली नसेल तर काकांचा ब्लॉक तपासणीत बाद होईल. मी स्वतः असा परत आलोय, साडेतीनशे किलोमीटर टेम्पो करून. नियमावली आधी वाचा. आणि मोठ्या आरएक्स १३५ चा ब्लॉक बसवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्याचा वर्गच वेगळा.

जांभा
हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्या लेथवाल्याकडे जातो.

खाडीपलीकडची
इरल्याचा फोटो मिळाला, मुलगी विचारते आत माणूस कसा मावायचा :)

जांभा
वाकून मावायचा, लावणी करताना. आमची आजी त्याखाली दिवसभर असायची.
ब्लॉक मोजून आणला. ५०.२५, वरपासून खालपर्यंत सारखं. म्हणजे काकाने एकदाच पाव मिमी केलंय. भाचा तिथेच नाचला.

घाटवळण
मग बोअरला हात लावू नका! आहे त्याच मापाचा पिस्टन शोधा.

सोलकढी
बाबा शेजारी बसून हे सगळं ऐकतायत. विचारतायत, पिस्टन ठेवलाय का काकांनी? डोक्यावर २५ आकडा असेल. तो असेल तर फक्त रिंगा नव्या घाला, आणि पिनचं बेअरिंग. गाडी उभी राहिली की चिपळूणला आणा म्हणाले, प्लग ते बघतील.

जांभा
बाबांना नमस्कार सांगा, नक्की आणतो. माळ्यावर अजून एक बिस्किटांचा डबा आहे, गंजून झाकण बसलंय. रॉकेल घालून ठेवलंय, सकाळी उघडतो.