शेतात एसटीची जुनी बॉडी आणून ठेवलीय, पोरांसाठी अभ्यासिका करायचीय, सुरुवात कुठून करू?

बार्शीचा_शेतकरी

नमस्कार मंडळी, इथं बरेच दिवस नुसतं वाचतोय, पहिल्यांदाच लिहितोय, जरा लांबेल. वडील एसटीत ड्रायव्हर होते, ३१ वर्षं स्टेअरिंगवर. मागच्या दिवाळीत एका भंगारवाल्याच्या यार्डात जुनी लाल गाडी दिसली, त्याने ती काही वर्षांपूर्वी लिलावात घेतलेली, इंजिन-गिअरबॉक्स विकून टाकलेलं, रजिस्ट्रेशन रद्द, चेसिस नंबरचा तुकडासुद्धा कापलेला. खोकं तेवढं उरलेलं आणि खाली चाकं. वजनावर सौदा केला आणि ट्रेलरवर घालून शेतात आणली. बाबा बघायला आले ते प्रवाशांच्या दारानं चढलेच नाहीत, उजवीकडून ड्रायव्हरच्या दारानं चढले, सीटवर बसले आणि दहा मिनिटं काही बोलले नाहीत. घंटीची दोरी अजून शाबूत आहे. मी मागं जाऊन दोनदा ओढली तर टण् टण् वाजली आणि त्यांचा हात आपोआप गिअरच्या जागी गेला, तिथं आता नुसतं भोक आहे.

तर करायचं काय, आमच्या वस्तीवर दहावी-बारावीची बारा-पंधरा पोरंपोरी आहेत, घरं दोन खोल्यांची, टीव्ही चालू, अभ्यासाला जागा नाही. बसमध्ये दोन्ही बाजूला लांब टेबलं, लाईट, पंखे, मागं पुस्तकांचं कपाट एवढं हवंय. अडचणी अशा की वळवाच्या पावसात टपातून चार-पाच ठिकाणी पाणी आलं, दाराजवळची फ्लोअर दाबली की मऊ लागते, आणि एप्रिलात दुपारी आत पाच मिनिटं उभं राहवत नाही. गावातला फॅब्रिकेटर म्हणतो सगळीकडे अँगल वेल्ड करू, आतून पीव्हीसी पॅनल मारू, आठ दिवसांत काम खल्लास. मला ते पटत नाहीये पण नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाही. दुसरं म्हणजे मित्र म्हणतो इंजिन बसवून गावोगाव फिरती लायब्ररी कर, ते होऊ शकतं का? ज्यांनी हे हाताने केलंय त्यांनी सांगा.

नाशिकचा_भटक्या

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो म्हणजे तो विषय डोक्यातून निघेल. ती गाडी परत रस्त्यावर येणार नाही. रजिस्ट्रेशन रद्द आणि चेसिस नंबर कापलेला म्हणजे आरटीओच्या लेखी ती गाडीच नाही. त्यात सरकारी आणि महामंडळांच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांचं रजिस्ट्रेशन रिन्यू करणं १ एप्रिल २०२३ पासून बंदच झालंय, त्यामुळे एसटीची निवृत्त गाडी घेऊन फिरायचं हे स्वप्न कुणीच धरू नये.

मी स्वतः एका कंपनीची स्टाफ बस घेतली होती, चालू कागदांची. तरीसुद्धा सीटा काढून बेड टाकायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगी लागते, मूळ कंपनीने जे स्पेसिफिकेशन दिलंय ते मनाने बदलता येत नाही, आणि राहायची गाडी करायची तर मोटर कॅरॅव्हॅनचं वेगळं स्टँडर्ड आहे, एआयएस १२४, त्यात बसावं लागतं. मी सुतारकाम आधी केलं आणि आरटीओत नंतर गेलो, अर्धं काम उचकटून परत करावं लागलं. म्हणून जे कोणी चालू गाडी घ्यायच्या विचारात हे वाचत असतील त्यांनी पहिला रुपया खर्च करायच्या आधी आरटीओत जाऊन या. तुमची मात्र शेतातली खोली आहे, तुम्हाला यातलं काही लागू नाही, उलट बरंच आहे.

डेपोतला_फिटर

पोरा तुझ्या वडिलांना नमस्कार सांग. मी २८ वर्षं डेपोत बॉडीचं काम केलं, त्यामुळे तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही.

आधी त्या फॅब्रिकेटरला थांबव. एसटीच्या जुन्या गाड्यांची बॉडी ॲल्युमिनियमची असते, माइल्ड स्टीलच्या बॉड्या नंतर आल्या. तुझी कुठली आहे ते बघायला एक चुंबक घे आणि खिडकीच्या मधल्या खांबाला, बाहेरच्या पत्र्याला, छताच्या कमानीला लावून बघ. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमला साध्या आर्क वेल्डिंगची कांडी लावली तर सांधा होत नाही, भोक पडतं, आणि आपण भोकं बुजवायला बसलोय. आणि नुसता लोखंडी अँगल त्याला बोल्टने आवळला तर जिथं दोन धातू टेकतात तिथं ओल गेली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, रिव्हेटच्या भोवती पांढरी भुकटी दिसायला लागते. ही भुकटी जिथं जिथं दिसेल तिथं खडूने गोल कर, तुझ्या कामाची यादी तीच.

आता गळती. आतून पाणी जिथं टपकतं तिथंच वर भोक असतं असं समजू नकोस, पाणी कमानीवरून घसरत येतं आणि दोन-तीन हात लांब पडतं. आम्ही काय करायचो, एकजण टपावर पाइप घेऊन, एकजण आत बॅटरी आणि खडू घेऊन. पाणी मागच्या टोकापासून सुरू करायचं आणि फूटफूटभर पुढं सरकायचं, एका जागी पाच मिनिटं धर, घाई केली तर काही कळत नाही. बहुतेक वेळा गळती सापडते ती टपावरच्या कॅरिअरच्या बोल्टांपाशी आणि मागच्या शिडीच्या वरच्या क्लॅम्पपाशी. तुला टपावर सामान ठेवायचं नाही ना, मग कॅरिअर आणि शिडी काढूनच टाक. भोकांवर ॲल्युमिनियमचे तुकडे, खाली पीयू सीलंट (फटी बुजवायचा पॉलियुरेथेनचा मसाला), वर ॲल्युमिनियमचेच रिव्हेट, लोखंडी नको. जुना रिव्हेट ढिला असेल तर ड्रिलने डोकं उडव, पंचाने खाली पाड आणि एक साईज मोठा घाल, त्याच मापाचा घातलास तर परत हलणार. सिलिकॉन वापरू नकोस, त्यावर रंग धरत नाही आणि पुढच्या वेळी त्यावर दुसरं काही चिकटत पण नाही.

फ्लोअर मऊ झालीय ती पावसाचं पाणी दारातून आलं म्हणून नसणार, खिडक्या बघ. काच ज्या पट्टीत सरकते तिच्या तळाला बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात पाणी जायला. त्यात धूळ, सुपारीची पुडी, तिकिटांचे कागद असं वर्षानुवर्षं बसलेलं असतं. भोक बुजलं की पाणी पट्टीत साचतं आणि आतल्या बाजूने पत्र्याच्या पोटात उतरतं, तिथून फ्लोअरच्या कडेला. एक तार घे आणि एकेक भोक मोकळं कर, दोन तास जातील पण पुढची दहा वर्षं फ्लोअर टिकेल. हे न करता वरून पीव्हीसी पॅनल मारलं तर ओल आतच कोंडेल, दिसणार नाही आणि सगळं कुजेल, तुला जे पटत नव्हतं ते हेच.

फ्लोअर काढलीस की खालचे आडवे मेंबर, म्हणजे फ्लोअर ज्यांच्यावर बसते त्या पट्ट्या, उघडे पडतील, गंज वायर ब्रशने काढ, लोखंडाला रेड ऑक्साईड, ॲल्युमिनियमला मात्र रेड ऑक्साईड चालत नाही, त्याला एच (etch) प्रायमर, म्हणजे गुळगुळीत धातूवर धरणारा पहिला हात, माग दुकानात. नवीन प्लाय टाकताना मरीन घे, आयएस ७१० चा शिक्का बघून, आणि कापलेल्या चारी कडांना रंग पाज, पाणी नेहमी कडेनं शिरतं.

दोन गोष्टी जिवाच्या. मागच्या एक्सलला जे ब्रेक चेंबर आहेत त्यातल्या काहींत दाबून बसवलेली स्प्रिंग असते, ती उघडली तर गोळीसारखी सुटते, माझ्यासमोर एका हेल्परचा जबडा मोडलाय. त्याचे बोल्ट खोलू नकोस, आहे तसा राहू दे. आणि डिझेलची टाकी रिकामी आहे म्हणून तिच्याजवळ ग्राइंडर चालवू नकोस, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. आधी टाकी उतरव.

बार्शीचा_शेतकरी

काका, चुंबक लावलं, खांब आणि पत्रा दोन्हीला चिकटलं नाही, छताच्या कमानीला पण नाही. खाली आडव्या मेंबरला मात्र खटकन बसलं. फॅब्रिकेटरला नको म्हणून सांगितलं. एक विचारायचं राहिलं, चाकांवरच उभी ठेवू का? टायरला आत्ताच चिरा आहेत.

डेपोतला_फिटर

टायरवर नको, वर्षभरात बसतील आणि बॉडी पिळवटेल, मग काचा सरकायच्या बंद होतील. चेसिसच्या दोन लांब रेल असतात त्यांच्याखाली आधार दे, स्प्रिंगच्या ब्रॅकेटजवळ, चारही कोपऱ्यांत आणि मधे दोन. बॉडीच्या पत्र्याखाली जॅक लावायचा नाही. हायड्रा क्रेनवाल्याला सांग पट्टा चेसिसलाच घाल. तुमच्याकडे काळी माती ना? पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, वर नुसते काँक्रीटचे ठोकळे ठेवलेस तर गाडी दरवर्षी वेगळ्या बाजूला कलेल. मुरूम लागेपर्यंत खणून मग पेडस्टल, म्हणजे काँक्रीटचे बुटके खांब, घे.

सांगलीचा_वायरमन

फिटर काकांनी सगळं सांगितलंय, मी फक्त लाईटीचं बोलतो कारण इथं माणसं चुकतात. तुमचं खोकं अख्खं धातूचं आहे, आणि पेडस्टलवर ठेवल्यावर जमिनीशी नीट जोडलेलं असेलच असं नाही. कुठं तरी एक वायर पत्र्याला घासली आणि सोलली की सगळी बस करंटमध्ये, पोरगं बाहेर ओल्या मातीत उभं राहून दाराचा दांडा धरणार. म्हणून बसच्या चेसिसला स्वतंत्र अर्थिंग, चांगला खड्डा करून, आणि बोर्डात ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट आपोआप तोडणारा स्विच. हे दोन झाल्याशिवाय विहिरीच्या मोटरवरून एक्स्टेन्शन ओढून काम चालवू नका, तात्पुरतं म्हणून पण नको. पत्र्यातून वायर नेताना प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर घासू नये म्हणून बसवायचं कडं.

जुन्या गाडीची सिस्टीम २४ व्होल्टची असते, १२-१२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. छतातले जुने दिवे ठेवायचे असले तर २४ व्होल्टची सोलर सिस्टीम करा, बोगद्यासारखे ओळीने लागलेले ते दिवे फार छान दिसतात. जुनं वायरिंग मात्र सगळं उपटून टाका, इन्सुलेशन कडक होऊन तुटतं.

कुडाळची_बाई

आमच्या शाळेच्या आवारात जुन्या स्कूलबसची वाचनखोली केलीय, चौथा पावसाळा बघतेय ती आता, म्हणून लिहिते.

उकाड्यासाठी आम्ही आधी आतून थर्माकोल लावला, फरक पडला पण थोडाच, कारण पत्रा एकदा तापला की उष्णता कमानींमधून आत येतेच. खरा फरक पडला तो वर मांडव घातल्यावर. बसच्या टपापासून हात-दीड हात वर, चारी बाजूंनी बाहेर आलेला. आमच्याकडे पावसामुळे पत्र्याचा केलाय, तुमच्याकडे पाचटाचा किंवा कडब्याचा जास्त गार पडेल, शेतात मिळतं पण, फक्त आग लागणार नाही एवढी चूल लांब ठेवा. मांडव आणि टप यांच्यामधून वारा खेळायला हवा, ती मोकळी जागा बुजवू नका. टपाला पांढरा रंग.

दुसरं रंगाचं. जुना लाल रंग कोरडा घासू नका, विशेषतः पोरं आसपास असताना. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको असा नियम २०१७ पासून आहे, पण गाड्यांचे रंग त्यात येत नाहीत आणि तुमचा तर त्याच्याही आधीचा असणार. वॉटर पेपर ओला करून घासा, मास्क लावा, खाली प्लास्टिक अंथरा आणि तो गाळ शेतात टाकू नका. आतल्या भिंतींना शिसं नसलेला रंग डबा बघून घ्या.

आणि दादा, संकटकाळी बाहेर पडायचा मार्ग आहे ना, त्याच्यासमोर पुस्तकांचं कपाट ठेवू नका. मागं कपाट लिहिलंय तुम्ही म्हणून सांगतेय. आम्ही तेच केलं होतं, एके दिवशी दाराचं कुलूप आतून अडकलं आणि २२ मुलं आत, मला तो अर्धा तास अजून आठवतो. त्याच संध्याकाळी कपाट हलवलं.

बार्शीचा_शेतकरी

ताई, कपाट आता ड्रायव्हरच्या सीटमागं घेतोय, मागचा मार्ग मोकळा. बरं झालं लिहिलंत.

काल बाबा टपावर पाइप घेऊन आणि मी आत खडू घेऊन, काकांनी सांगितलं तसंच मागून पुढं. सात खुणा झाल्या. त्यातल्या पाच कॅरिअरच्या बोल्टांच्या, एक शिडीच्या क्लॅम्पची, आणि एक पुढं गावाच्या नावाच्या बोर्डाच्या पेटीवर, ती बाबांनी वरूनच ओळखली, म्हणाले पावसाळ्यात माझ्या डाव्या खांद्यावर कायम इथूनच पडायचं, प्रत्येक गाडीत. खिडक्यांच्या भोकांतून तार घातली तर एका पट्टीतून भिजून लगदा झालेली तिकिटं निघाली, आणि दाराजवळची दोन्ही भोकं पूर्ण बुजलेली होती, फ्लोअर मऊ झालीय ती बरोबर त्याच्याच खाली. ओला पेपर मारताना खिडकीच्या वर "महिलांसाठी राखीव" अक्षरं निघाली, तेवढी पट्टी न घासता ठेवतोय.

मुरूम साडेचार फुटांवर लागला. सहा खड्डे झालेत, उद्या सळई बांधून काँक्रीट ओतायचं, पंधरा दिवस पाणी मारून मग हायड्रा. वायरमन दादा, अर्थिंगचा खड्डा विहिरीच्या बाजूला घेतला तर चालेल का, तिथं ओल बारा महिने असते, बसपासून साधारण ४० फूट पडेल?

सांगलीचा_वायरमन

चालेल, ओल महत्त्वाची. पण ४० फूट पट्टी जमिनीतून नेताना नांगर लागणार नाही इतकी खोल घाला आणि बांधाच्या कडेनं न्या. जोड चेसिसच्या रेलला बोल्टने द्या, आधी तिथला रंग खरवडून धातू उघडा करा, आवळून झाल्यावर वरून ग्रीस. आणि पोरं बसायच्या आधी आरसीसीबीचं टेस्ट बटण रोज एकदा दाबायची सवय एखाद्या मोठ्या पोराला लावा.