मिक्सरवरून संगणकात रेकॉर्डिंग करताना आवाज फाटतो आणि हमिंग येते

प्रश्न (पूर्व भाग, सोलापूर)

आमच्या भजनी मंडळाकडे आठ चॅनेलचा लहान मिक्सर असून गायनाचे दोन माइक, पेटी, पखवाज आणि टाळांसाठी एक माइक असे सर्व त्यात जोडलेले असते. मंडळातील ज्येष्ठ बुवांनी ऐंशी ओलांडली आहे आणि त्यांच्या चाली त्यांच्याच आवाजात जपून ठेवाव्यात, अशी आम्हा सर्वांची मनापासून इच्छा आहे. त्यासाठी मिक्सरच्या मुख्य आउटपुटमधून वायर काढून जुन्या डेस्कटॉपच्या गुलाबी सॉकेटमध्ये घातली. रेकॉर्डिंग होते, परंतु बुवा वरच्या सुरात गेले की आवाज फाटतो, आणि सगळे शांत असतानाही खाली सतत हमिंग राहते. मागच्या गल्लीतील यंत्रमाग बंद असतानाही ते जात नाही, म्हणून ते माइकमधून येत नसावे. साउंड कार्ड नवीन घ्यावे लागेल काय?

उत्तर (ध्वनियोजक, होटगी रस्ता)

नमस्कार. कार्ड बदलण्याआधी वायरची जागा बदलावी. गुलाबी सॉकेट माइकसाठी असते आणि माइकचा संदेश अवघ्या काही मिलिव्होल्टचा असतो. मिक्सरच्या मुख्य आउटपुटची प्रमाण पातळी मात्र +४ डीबीयू, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट असते. एवढा मोठा संदेश माइकच्या प्रवर्धकात शिरला की तो फाटणारच, आणि मग संगणकातील पट्टी कितीही खाली ओढली तरी फाटलेला आवाज सांधता येत नाही. डेस्कटॉपच्या मागे फिकट निळे सॉकेट असेल, ते लाइन इन. मिक्सरवर ‘टेप आउट’ किंवा ‘रेक आउट’ लिहिलेली लाल-पांढरी आरसीए सॉकेटे असल्यास तेथून साडेतीन मिलिमीटरच्या स्टीरिओ पिनची वायर निळ्या सॉकेटात आणावी. या आउटपुटची पातळी साधारणपणे −१० डीबीव्ही, म्हणजे सुमारे ०.३२ व्होल्ट असते आणि ती लाइन इनला सहज मानवते.

पातळी अभंगावर नव्हे, गजरावर ठरवावी, कारण टाळ एकदम चढतात. सर्वांत मोठा आवाज संगणकातील रेकॉर्डिंगच्या मीटरवर −१० डीबीच्या आसपास राहू द्यावा.

उत्तर (निवृत्त विद्युत तंत्रज्ञ, जुळे सोलापूर)

हमिंगबद्दल लिहितो. मिक्सर किंवा अॅम्प्लिफायर एका बोर्डावर आणि संगणक दुसऱ्या बोर्डावर असेल, तर दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक राहतो, आणि ऑडिओ वायरच्या जाळीतून त्या फरकाचा प्रवाह वाहू लागतो. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने तोच सूर आणि त्याच्या पटीतील सूर रेकॉर्डिंगमध्ये उतरतात. सर्व उपकरणे एकाच बोर्डावर घेऊन पाहावे. तरीही हमिंग राहिले, तर ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन्हीकडच्या तारा थेट न जोडता आवाजाचा संदेश पुढे नेणारा) मध्ये लावावा.

एक कळकळीची विनंती आहे. प्लगची अर्थिंगची पिन काढली की हमिंग थांबते, असा सल्ला कोणी दिला तरी तो ऐकू नये. उपकरणात बिघाड झाल्यास धातूच्या माइकमध्ये वीज उतरू शकते, आणि तो माइक ऐंशी वर्षांच्या माणसाच्या हातात असतो.

उत्तर (ध्वनियोजक)

एक गोष्ट राहिली. मुख्य आउटपुट एक्सएलआर (तीन पिनांचे गोल सॉकेट, ज्यात तोच आवाज दोन तारांवर सुलट आणि उलट असा जातो) असेल आणि त्यातून एकच वायर साडेतीनच्या स्टीरिओ पिनमध्ये आणली असेल, तर तोच आवाज डाव्या-उजव्या बाजूंना एकमेकांच्या उलट जातो. हेडफोनवर तो बराचसा ठीक वाटतो, पण एकाच स्पीकरच्या मोबाइलवर दोन्ही बाजू एकत्र झाल्या की आवाज जवळजवळ नाहीसा होतो. तसेच, संगणकाचा आवाज ऐकण्यासाठी मिक्सरमध्ये परत आणला असेल, तर रेकॉर्डिंग चालू असताना तो चॅनेल बंदच ठेवावा. नाहीतर आवाज फिरून फिरून पुन्हा संगणकात जातो.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. मोबाइलवर बुवांचा आवाज का गायब होत होता, ते आता समजले. वायर तशीच एक्सएलआरची होती. टेप आउटमधून निळ्या सॉकेटात जोडणी केली आणि सर्व एका बोर्डावर घेतले. आवाज स्वच्छ आला असून हमिंग कान देऊन ऐकले तरच जाणवते. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट स्टीरिओ वेव्ह फाइलला मिनिटाला सुमारे दहा एमबी लागतात, म्हणून वेगळी हार्ड डिस्क आणली आहे. येत्या गुरुवारी काकड्याच्या चालींपासून सुरुवात करीत आहोत.