पातळीप्रमाणे गट की सगळे एकत्र? प्राथमिक वर्गातली समानता

खडूफळा
पाचवीच्या वर्गात एक मूल गोष्ट सलग वाचतं, शेजारचं जोडाक्षरापाशी अडतं. दोघांपुढे तेच पान उघडलं तर दुसऱ्याचा तास वाया जातो. ‘प्रथम’ संस्थेने रुळवलेली रीत मला पटते. प्रत्येक मुलाला एकट्याला जवळ बसवून आधी सोपा परिच्छेद द्यायचा. जमला तर गोष्ट, नाही तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. गणितात सुरुवात हातच्याच्या वजाबाकीपासून. मग तिसरी ते पाचवीची मुलं इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे रोज तास-दीड तास बसवायची, उरलेला दिवस आपापल्या वर्गात.

रानपाखरू
साफ विरोध. गटांना ‘कमळ’ म्हणा की ‘मोगरा’, खालचा कोणता हे मुलांना आठवडाभरात कळतं. आणि ही चाचणी मोजते काय? मेळघाटात घरी कोरकू बोलणारं मूल परिच्छेदात अडखळतं, कारण त्यातले शब्दच त्याने कधी ऐकलेले नसतात. अक्षरओळख पक्की असूनही ते बाराखडी गिरवायला बसतं.

त्याहून मोठं नुकसान गणितात होतं. फळ्यावर ५३ − २८ लिहा आणि रीत सांगू नका. एक मूल २८ वरून चढत जातं: २ मिळवून ३०, मग २० मिळवून ५०, मग ३, एकूण २५. दुसरं ५३ मधून ३० काढतं आणि जादा गेलेले २ परत मिळवतं. तिसरं हातचा घेतं. तिन्ही रीती फळ्यावर शेजारी मांडल्या की संख्या म्हणजे काय ते वर्गाला दिसतं. सारख्या पातळीची मुलं एकत्र बसवलीत तर बहुतेक वेळा एकच रीत पुढे येईल. मुलांचं हे वेगळेपण फार मोलाचं आहे, ते चाळणी लावून घालवू नका.

खडूफळा
तीन रीतींचा फळा मलाही हवा. पण ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहिणारं मूल त्या चर्चेत बसेल कुठे? मराठीत एकक आधी उच्चारतो, म्हणून ही चूक वारंवार होते. त्याला दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या हातात द्याव्या लागतात, काही दिवस रोज. भर वर्गात तेवढा वेळ मिळत नाही आणि मूल मान डोलवायला शिकतं.

पाढेवाला
शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे पाच इयत्तांना दोघे. एकाने अक्षरगट घेतला की गोष्टगट आपोआप मागे भिंतीशी जातो आणि पुस्तकातून उतरवत बसतो. गट करणाऱ्यांनी या मागच्या मुलांच्या कामाची आखणी आधी सांगावी.

रानपाखरू
एकत्र शिकवण्यालाही आखणी लागतेच. चार मुलं, पातळी मिसळलेली. एक वाचतं, एक आपल्या बोलीत सांगतं, एक चित्र काढतं, एक प्रश्न विचारतं. हमखास बिघडतं ते इथे: वाचणारं मूल सगळं काम उरकतं. म्हणून कामं रोज फिरवायची आणि उत्तर कोण देणार ते शिक्षकाने आयत्या वेळी ठरवायचं. वाचन-अक्षमता असलेलं मूल कानाने ऐकून गोष्ट उत्तम समजतं. वाचनाच्या पातळीवर त्याला ‘कमल, घर बघ’ देणं हा त्याच्या बुद्धीचा अपमान आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता स्पष्ट नोंदलेली आहे.

खडूफळा
वाचन-अक्षमतेचा मुद्दा मान्य. अशा मुलाची चाचणी ऐकवूनही घ्यायला हवी, आणि कोरकू मुलाची त्याच्या बोलीतल्या शब्दांवर. पण तासभराचा गट मी सोडणार नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी फेरचाचणी घ्यावी, आणि शब्द वाचू लागलेलं मूल त्याच दिवशी पुढच्या गटात न्यावं. गट कायमचे होतात ते बहुधा याच ठिकाणी: फेरचाचणी सत्र संपेपर्यंत लांबते.

रानपाखरू
लांबतेच, कारण तीस मुलांना प्रत्येकी पाच मिनिटं म्हणजे अडीच तास, आणि तेवढा वेळ बाकीचा वर्ग कोण सांभाळणार? पाढेवाल्यांच्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.