ठिपका दिसला म्हणजे साइट सापडली?

घणसोलीचा गंज:
फ्युएल सेलमध्ये ऑक्सिजनची अभिक्रिया घडवायला महागड्या प्लॅटिनम कॅटलिस्टऐवजी लोखंड, नायट्रोजन आणि कार्बनचा भाजलेला कॅटलिस्ट वापरून पाहतात; अभिक्रिया नेमकी ज्या अणूंवर घडते ती त्याची ॲक्टिव्ह साइट. काल इथेच एकाने लिहिलं, 'आयर्न-नायट्रोजन-कार्बनमधली ॲक्टिव्ह साइट कोणती, हा वाद इतिहासजमा झाला. स्टेममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) लोखंडाचे सुटे अणू चमकताना दिसतात, एक्साफ्स (एक्स-रे शोषणावरून अणूचे शेजारी ओळखायची पद्धत) लोखंडाभोवती चार नायट्रोजन दाखवतं, बास.' त्याखाली टाळ्यांचा पाऊस. म्हणून हे लांबण.

स्टेमचा फोटो म्हणजे काही नॅनोमीटरची खिडकी, आणि फोटो काढणारा देखणी जागा शोधूनच काढतो. शेजारच्या दाण्यात आयर्न कार्बाइडचा गोळा बसला असेल, तो छापला जात नाही. एक्साफ्सची तऱ्हा उलटी. ते सगळ्या लोखंडाची सरासरी देतं. त्यात नायट्रोजन, कार्बन, ऑक्सिजन हे शेजारी एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, आणि चार की पाच हेही छातीठोक सांगणं कठीण. शिवाय दिसलेला अणू काम करतोच हे कुणी ठरवलं? निम्मं लोखंड कार्बनच्या आत गाडलेलं असलं, तर तिथे ना ऑक्सिजन पोचतो ना प्रोटॉन.

संशोधक जॅसिन्स्कीने १९६४ मध्ये ऑक्सिजनच्या अभिक्रियेसाठी कोबाल्ट फ्थॅलोसायनिन (चार नायट्रोजनच्या मध्ये कोबाल्टचा अणू असलेला रेणू) वापरलं तेव्हा रेणू निदान माहीत होता. पुढे लोकांनी तो ८००-९०० अंशांना भाजला, रेणूचा चुराडा झाला आणि कॅटलिस्ट उलट सुधारला! त्या राखेत नेमकं काय उरलं, हा वाद आहे. फोटोने तो मिटत नाही.

कोपरीचा कोळसा:
ती पोस्ट माझी. नाव घ्यायला लाजलात का?
फोटोवर एवढं लिहिलंत आणि मॉसबॉर (गॅमा किरणांनी लोखंडाची अवस्था ओळखायची पद्धत) सोयीस्कर विसरलात. २०१५ मध्ये संशोधक झितोलो-जाऊएन यांनी लोखंडाचे कण नसलेला कॅटलिस्ट करून पोर्फिरिनसारखी (चार नायट्रोजनच्या मध्ये लोखंड) रचना दाखवली. २०२१ मध्ये फ्युएल सेलमध्ये चालवून दोन साइट वेगळ्या काढल्या, एक चालता चालता ऑक्साइड होते, दुसरी टिकते. नायट्राइट स्ट्रिपिंगने (साइटवर नायट्राइट चिकटवून मग उतरवून) साइट मोजता येतात. साइट अडवणारं सायनाइड घातलं की करंट झोपतो. अजून काय पाहिजे, अणूची सही?

घणसोलीचा गंज:
मॉसबॉरमधल्या डी१ डब्लेटला (रेघांच्या एका जोडीला) आधी लो-स्पिन फेरस ही लोखंडाची एक अवस्था म्हणत होते, नंतर ते ऑक्सिजन चिकटलेलं हाय-स्पिन फेरिक, म्हणजे दुसरीच अवस्था ठरलं. रेघ तीच, बारसं दोनदा. मोजणीचं म्हणाल तर नायट्राइट पीएच ५.२ च्या बफरमध्ये, दुसरी पद्धत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) चिकटवण्याची, ती उणे ८० अंशांना कोरड्या पावडरवर. कारखाना बंद असताना हजेरी घ्यायची आणि उत्पादन सांगायचं! एकाच पावडरवर दोन्ही पद्धतींचे आकडेही जुळत नाहीत.

वाशीची नायट्रोजनवाली:
तुम्ही दोघंही लोखंडातच अडकलात. धातू नसलेल्या कार्बनचं काय? २०१६ मध्ये संशोधक नाकामुरांच्या गटाने ग्रॅफाइटवर दाखवलंय की पिरिडिनिक (दोन कार्बनना जोडलेल्या) नायट्रोजनच्या शेजारचा कार्बनच काम करतो.

कोपरीचा कोळसा:
ताई, २००९ मध्ये गाजलेले 'धातूविरहित' नॅनोट्यूब आयर्न फ्थॅलोसायनिन जाळूनच उगवले होते. मग लोखंड काढायला धुतले. धुऊन किती जातं ते आम्हाला विचारा. २०२० मध्ये संशोधक पुमेरांच्या गटाने ग्राफीनमध्ये पक्ष्यांची विष्ठा घालून ॲक्टिव्हिटी वाढवून दाखवली. तीही साइटच म्हणायची का?

वाशीची नायट्रोजनवाली:
टिंगल सोपी असते. त्या २०१६ च्या कामात ग्रॅफाइटचे साधे मॉडेल नमुने होते, तुमच्यासारखी भाजलेली खिचडी नव्हती. बरं, तुमच्या लॅबमध्ये काउंटर इलेक्ट्रोड (सर्किट पुरं करणारा समोरचा इलेक्ट्रोड) कुठला आहे?

कोपरीचा कोळसा:
प्लॅटिनमची तार. सगळ्यांकडे असते.

वाशीची नायट्रोजनवाली:
झालं! परक्लोरिक अॅसिडमध्ये तीच तार विरघळते आणि तुमच्या लोखंडाच्या पावडरवर येऊन बसते. आमच्या जुन्या लॅबमध्ये व्होल्टेज वरखाली करायच्या प्रत्येक सायकलला करंट वाढायचा. सर खूश, 'ॲक्टिव्हेशन' म्हणून स्लाइडवर घातलं. मी तारेऐवजी ग्रॅफाइटची कांडी मागितली, तर खरेदी समितीने तीन कोटेशन मागवली. शेवटी आयसीपीमध्ये (धातूंचा अंश मोजणाऱ्या चाचणीत) प्लॅटिनम निघालं. सरांनी ती स्लाइड काढली, पेपर ठेवला.

रबाळ्याचा निवृत्त:
मुलांनो, दोनचार सायकलसाठी प्लॅटिनमने आभाळ कोसळत नाही. हजारो सायकलच्या टेस्टला कोसळतं. केओएचमध्ये (अल्कलीत) त्रास त्याहून कमी. सरसकट सगळ्यांना चोर म्हणू नका.

वाशीची नायट्रोजनवाली:
सर, चोर मी म्हटलंच नाही. तुम्ही स्वतःच टोपी घातलीत.

रबाळ्याचा निवृत्त:
आम्ही काम केलं तेव्हा तुम्ही शाळेत होता. मॉसबॉरचा किरणोत्सारी कोबाल्ट-५७ सोर्स आणायचा तर त्याचं अर्धायुष्य सुमारे २७२ दिवस, आणि आमची फाइल टेबलावरून टेबलावर जाईस्तोवर सोर्स निम्मा मेलेला. नैसर्गिक लोखंडात मॉसबॉरला दिसणारं लोह-५७ जेमतेम २.१ टक्के, कॅटलिस्टमध्ये लोखंडच एखादा टक्का. एकेका स्पेक्ट्रमला दिवसच्या दिवस. ऑक्साइडचे बारीक कण खोलीच्या तापमानाला डब्लेट बनून साइटसारखे दिसतात, म्हणून हेलियममध्ये गारही करायचं. हेलियमचं बिल कोण भरणार, तुम्ही?

घणसोलीचा गंज:
धागा साइटचा होता. आता खरेदी समितीचा झालाय.

वाशीची नायट्रोजनवाली:
कारण समिती नसती तर अर्धे वाद नसते. इंदूरला इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर (तीव्र एक्स-रे देणाऱ्या यंत्रावर) बीमटाइम, म्हणजे वापरायची वेळ मिळवून चालू सेलमध्ये एक्साफ्स करणं सोपं वाटतं का? म्हणून लोक कोरड्या गोळीचा स्पेक्ट्रम घेतात आणि 'साइट' छापतात.

घणसोलीचा गंज:
हे मात्र मान्य. दुर्दैवाने.

कोपरीचा कोळसा:
ठीक आहे. 'इतिहासजमा' काढून 'अॅसिडमध्ये, लोखंडाच्या बाबतीत, बहुतेक करंट लोखंड-नायट्रोजनवरून येतो' असं लिहितो. पोट भरलं? पण गाडलेल्या लोखंडाचा मुद्दा गंजसाहेबांनी माझ्याविरुद्ध वापरू नये. सायनाइडला फक्त पोचता येणारं लोखंडच सापडतं, आणि तेवढं बंद केल्यावर करंट पडतो.

घणसोलीचा गंज:
पडतो, शून्य होत नाही. उरलेला कुणाचा?

वाशीची नायट्रोजनवाली:
माझा.

रबाळ्याचा निवृत्त:
किंवा प्लॅटिनमचा. ग्रॅफाइटची कांडी माझ्याकडे जास्तीची आहे, कोळसेबुवा, कुरियरचे पैसे तुम्ही द्या.

कोपरीचा कोळसा:
कोटेशन पाठवा.