विषय: स्नेहभोजनासाठी कुजणाऱ्या ताटल्या – कोणत्या घ्याव्यात?

सप्रेम नमस्कार,

दिवाळीच्या स्नेहभोजनाला यंदा कोल्हापुरी बेत ठरला असून सुमारे २५० पाने होतील. पुरवठादाराने सुपारीच्या विरीची (झावळीच्या रुंद देठाची) ताटे, उसाच्या चिपाडाची ताटे-वाट्या आणि मक्यापासून केलेल्या पारदर्शक वाट्या असे नमुने दिले आहेत. तिन्हींवर ‘वनस्पतिजन्य, खत होणारे’ असेच छापलेले आहे. जाणकारांनी मत कळवावे.

– भोजन समिती

---

सप्रेम नमस्कार,

सध्या मी कोल्हापुरात माहेरी आहे, त्यामुळे उत्तरास दोन दिवस उशीर झाला.

‘वनस्पतिजन्य’ हा शब्द वस्तू कशापासून बनली एवढेच सांगतो. ती कुठे आणि किती दिवसांत कुजेल, हे त्यावरून कळत नाही. मक्याच्या वाट्या पीएलए या वनस्पतिजन्य प्लॅस्टिकच्या असतात. पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडते, म्हणजे उकळता रस्सा सोडाच, वाफाळता चहाही त्यात नको. आणि ते कुजायलाही जवळपास तेवढीच उष्णता अनेक आठवडे टिकवणारा मोठा खतप्रकल्प लागतो, परसातला खड्डा त्याला पुरत नाही. विरीची ताटे मला स्वतःला फार आवडतात, परंतु सुपारीतील अल्कलॉइड ही अपायकारक द्रव्ये अन्नात उतरू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये दिलेला असताना मंडळाने तो धोका पत्करू नये.

राहिले चिपाड. इथल्या गुऱ्हाळावर ते वाळवून चुलवणात घालतात आणि त्याच जाळावर काहिलीतला रस आटतो. साखर कारखान्यांत ते बॉयलरला जाते. ताटांसाठी त्याचाच लगदा करून तापलेल्या साच्यात दाबतात. लक्ष्मीपुरीतून मी दोन प्रकारच्या वाट्या आणल्या आणि आईने केलेला तांबडा रस्सा कटासकट दोन्हींत ओतून ठेवला. पाऊण तासाने एकीच्या बुडाला रुपयाएवढा तेलकट डाग उमटला होता, मात्र गळती नव्हती. दुसरी बाहेरून ठणठणीत कोरडी होती. आई म्हणाली, “दुसरीच घे.” माझे मत उलट आहे. निव्वळ लगद्यात तेल थोडेफार मुरणारच. ते अजिबात मुरत नसेल, तर लगद्यात काय मिसळले आहे हे विचारले पाहिजे, कारण अशा ताटांत तेल रोखण्यासाठी पीएफएएस ही वर्षानुवर्षे न विघटणारी फ्लोरिनयुक्त रसायने वापरली जात असत. म्हणून पुरवठादाराकडे बीपीआय या कुजणाऱ्या वस्तू प्रमाणित करणाऱ्या अमेरिकी संस्थेचे प्रमाणपत्र मागावे: २०२० पासून ते मिळवण्यासाठी अशी रसायने मुद्दाम घातलेली चालत नाहीत आणि एकूण फ्लोरिन १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत शंभर भागांच्या) आत असावे लागते.

एक राहिलेच. आपल्याकडची कचरा कंपनी ही ताटे खताच्या पिंपात घेते का, हे आधी विचारावे. नाही तर महागडी ताटे घेऊन ती साध्या कचऱ्यातच टाकायची वेळ येईल.

आपली,
एक सभासद (मुक्काम कोल्हापूर)

---

सप्रेम नमस्कार,

सविस्तर उत्तराबद्दल आभार. कंपनीकडे चौकशी केली असता, उरलेले अन्न आणि प्रमाणित चिपाडाची ताटे पिंपात चालतात, पीएलएच्या वाट्या मात्र चालत नाहीत, असे समजले. त्यानुसार प्रमाणपत्र पाहून चिपाडाची ताटे घेत आहोत. तांबड्या-पांढऱ्यासाठी सभासदांनी घरच्या स्टीलच्या वाट्या आणाव्यात, प्रत्येक घरातून दहा. बहुतेकांच्या वाट्यांवर नावे कोरलेलीच आहेत, तेव्हा अदलाबदलीची काळजी नसावी. विसळण्यासाठी चार जण हवे आहेत.

– भोजन समिती