राउटरचं प्लाझ्मा: नुसता टॉर्च टांगून भागतं का?

भुसाभरती
कालच्या एका पोस्टीत एक महाशय लिहितात: 'छंदाच्या सीएनसी राउटरचं स्पिंडल काढा, प्लाझ्मा टॉर्च लावा, दुपारपर्यंत पत्रा कापायला घ्या. बाकी सगळी भीती मशीन विकणाऱ्यांनी घातलेली.' खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. दोन ओळींत उत्तर बसेना, म्हणून वेगळा धागा.

राउटर स्पिंडलमधल्या फिरत्या कटरने लाकूड कोरतो; प्लाझ्मा टॉर्च विजेच्या आर्कने तापवलेल्या हवेच्या झोताने पत्रा वितळवून कापतो. म्हणून राउटरला ताकद लागते, प्लाझ्माला वेग. टॉर्च कुठे टेकतच नाही, तर गॅन्ट्री, म्हणजे टॉर्च धरून सरकणारी कमान, कितीही दणकट असून उपयोग काय? 8 मिमी लीडचा, म्हणजे एका फेऱ्यात 8 मिमी पुढे नेणारा स्क्रू मिनिटाला 300 फेरे फिरला तर 2.4 मीटर होतात. दीड मिमी पत्र्याला 45 अँपिअरवर याच्या दुपटीहून जास्त वेग लागतो. हळू गेलात की चीर रुंद होते आणि खालून स्लॅगचे, म्हणजे वितळून थिजलेल्या धातूचे, जाड ओघळ लटकतात. शिवाय खाली एमडीएफचा, म्हणजे लाकडी बोर्डाचा बेड, फटीफटीत वर्षभराचा भुसा आणि वरून ठिणग्या. यात दुपारपर्यंत नक्की काय पेट घेईल, तेही लिहायचं होतं.

लोखंड्या
असहमत. अँपिअर कमी करा, बारीक नोझल लावा, वेगही कमी पुरतो. माझा राउटर बेल्टवर चालतो, त्यावर 3 मिमीच्या जाळ्या काढतो. खालचा स्लॅग हातोडीच्या एका फटक्यात पडतो. आम्ही दारावरची नक्षी कापतो, विमानाचे भाग नाही. तुमच्यासारख्यांचं ऐकलं असतं तर अजून कॅटलॉगच चाळत बसलो असतो.

शून्यबिंदू
जाळ्या छान. पण एचएफ स्टार्ट (उच्च वारंवारतेच्या ठिणगीने आर्क पेटवणं) की ब्लो-बॅक (आत टेकलेले इलेक्ट्रोड आणि नोझल हवेच्या दाबाने वेगळे करून पेटवणं), हे कुणी विचारणार आहे का? माझ्या पहिल्या मशीनवर एचएफ होतं. ट्रिगर दाबला की लिमिट स्विच (मशीन कडेला पोचलं की थांबवणारा) न दाबताच लागायचा आणि कंट्रोलरची यूएसबी जोडणी तुटायची. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, 'अर्थिंग बघा.' बघितलं! शील्डेड केबल टाकली, अर्थच्या सगळ्या तारा एका बिंदूला आणल्या, टॉर्चची केबल मोटरच्या वायरींपासून लांब बांधली. थोडा फरक पडला, झालं. ब्लो-बॅकचं मशीन आणल्यावर त्रास संपला. ही गोष्ट मी दर धाग्यात सांगतो आणि दर धाग्यात लोक स्वस्त म्हणून एचएफच घेतात. घ्या!

भुसाभरती
आणि टीएचसी, म्हणजे आर्कच्या व्होल्टेजवरून टॉर्चची उंची सांभाळणारी यंत्रणा? भोक पाडताना टॉर्च साधारण 4 मिमीवर हवा, कापताना दीडवर. पत्रा तापून फुगला की ते दीड कुठलं राहतंय? जीआरबीएलवाल्यांनी (त्या फुकट कंट्रोलर-सॉफ्टवेअरवर राउटर चालवणाऱ्यांनी) यावर बोलावं.

लोखंड्या
टीएचसीचं कौतुक मला सांगू नका. कोपऱ्यात मशीन हळू होतं, आर्कचं व्होल्टेज चढतं, टीएचसीला वाटतं टॉर्च वर गेलाय आणि ते त्याला पत्र्यात घुसवतं. छोट्या पत्र्याला नीट आधार दिला की टीएचसीशिवाय भागतं.

शून्यबिंदू
कोपऱ्यात टीएचसी थांबवायची सोय असते हो. लिनक्ससीएनसी या मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं क्यूटीप्लाझ्मासी बघा, फुकट आहे.

ओलावा
बेडचं म्हणाल तर एमडीएफ काढून पाण्याचा ट्रे बसवा. धूर आणि धूळ बऱ्यापैकी पाण्यातच बसते. विषय संपला.

लोखंड्या
संपला? आत्ता सुरू झाला. पाण्याचे शिंतोडे रेलवर उडतात, कापलेला तुकडा उचलेपर्यंत तांबूस होतो, आणि महिनाभर साचलेल्या पाण्याजवळ नाक नेऊन बघा एकदा.

ओलावा
गंजरोधक टाकायचं, पाणी बदलायचं. आळसाला औषध नाही. कोरडं कापलं की जी काळी, बारीक, वीजवाहक धूळ उडते, ती तुमच्या कंट्रोलरच्या पंख्यातून आत जाते. ती चालते वाटतं?

शून्यबिंदू
एक मिनिट. ट्रेवर ॲल्युमिनियम कापता का?

ओलावा
कापतो. का?

शून्यबिंदू
का म्हणून काय विचारता! ॲल्युमिनियमचा गाळ पाण्यात बसून हायड्रोजन सोडतो. वर पत्रा झाकलेला, खाली वायू कोंडलेला, आणि तुम्ही आर्क पेटवणार. गाळ नेहमी काढा, पत्रा आणि पाणी यांत मोकळी जागा ठेवा. नाहीतर ॲल्युमिनियम त्या ट्रेवर घेऊच नका.

ओलावा
इतकी वर्षं काही झालं नाही.

भुसाभरती
हे वाक्य अपघाताच्या आदल्या दिवसापर्यंत सगळेच म्हणतात.

ओलावा
तुम्ही धागा राउटरवर काढलाय, माझ्या ट्रेवर नाही. बरं, गाळ काढतो. खूश?

लोखंड्या
पाण्यात बुडवून धागाच विझवला. मूळ मुद्द्यावर येतो. एमडीएफचा बेड आणि भुसा हटवायलाच हवा, एवढं मान्य. पण त्या महाशयांचं अगदीच चुकलं नव्हतं. मशीन तेच राहतं.

भुसाभरती
हो, तेच राहतं. फक्त बेड नवा, स्क्रूच्या जागी बेल्ट किंवा रॅक (दातेरी पट्टी), कंट्रोलर नवा, झेडला (वर-खाली सरकणाऱ्या भागाला) तरंगता, म्हणजे पत्र्याला टेकला की वर सरकणारा टॉर्च होल्डर आणि वायरिंग सगळं नवं. फ्रेमला रंगही लावून घ्या.

लोखंड्या
माझा बेल्ट जुनाच आहे.

कोरडी हवा
सगळं वाचलं. कॉम्प्रेसरमधून हवेबरोबर येणाऱ्या पाण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही! नोझल आणि इलेक्ट्रोड त्यानेच भराभर झिजतात. ड्रायर कुठला लावता?

भुसाभरती
वेगळा धागा काढा, प्लीज.